अवातिरींचं वर्ष

१ जानेवारी

आजपासून वर्षभर मी माझी नाही. सकाळी देवळासमोर गेल्या वर्षीच्या जोडप्याने एवारिस्तोच्या, माझ्या नवऱ्याच्या, खांद्यावरून मानाचा चाबूक आडवा बांधला, माझ्या खांद्यांवर काळी शाल टाकली आणि दोघांच्या गळ्यात पावांच्या माळा घातल्या. माळ इतकी जड होती की अजून मान दुखते आहे. नवरा मात्र दिवसभर ताठ मानेने फिरत होता. मी त्याला म्हटलं, "माळ खाऊन टाक आता, वाळली की दात पडतील." तो हसला नाही. पहिल्या दिवशी हसायचं नसतं असं त्याला कुणी सांगितलंय, देव जाणे.

आमच्या कोल्पापातात हे पद कुणी मागत नाही आणि कुणाला नाकारताही येत नाही. जमिनीच्या क्रमाने घराघराची पाळी येते. यंदा तीन घरांची आली. पहिले आम्ही. दुसरे प्रिमितिवो आणि त्याची बायको निएवेस. तिसरं जोडपं खालच्या वस्तीतलं, नवं लग्न झालेलं. ते दोघे आमच्या तोंडाकडे बघून माना डोलावतात. एकट्या बाईला किंवा बुवाला ही पाळी येत नाही, जोडपंच लागतं. या सहा जणांना मिळून आमच्या भाषेत अवातिरी म्हणतात. अवातिरी म्हणजे राखणारे. मेंढरं राखणाऱ्यांनाही हाच शब्द. लहानपणी मी आणि साबिना डोंगरावर मेंढरं न्यायचो तेव्हा आम्हीही अवातिरीच होतो. तेव्हा आमच्या गळ्यात कुणी माळा घातल्या नाहीत एवढंच.

सगळं गाव जेवून गेलं. रूफिनाने, माझ्या सुनेने, पहाटेपासून ओढ्यावरून पाणी आणलं, दोन पोती बटाटे सोलले, बिअरच्या पेट्या खालून वर चढवल्या. पोरगी अंगाने किरकोळ आहे, पण कामाला वाघ. मधेच माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आत्या, एक सांगायचं होतं." मी म्हटलं, "सण उरकू दे गं बाई, मग सांग." नंतर ती काही बोलली नाही, मीही विसरले.

वही मी ला पास शहरात घरकामाला होते तेव्हापासून लिहिते. माझ्या बाबांनीही हे वर्ष काढलं होतं, पण त्यांना लिहिता येत नव्हतं. मला येतं, तर लिहावं.

४ जानेवारी

रूफिना दोन दिवस अंथरुणावर आहे. पोटात दुखतंय म्हणते. मी तिला ओव्याचा काढा दिला, पाठीला गरम वीट लावली. नेमकं आत्ताच आजारी पडायचं. रोज चार माणसं दारात येतात, त्यांना काहीतरी खायला घालावं लागतं, आणि घरात दोनच हात. मी जरा कडक बोलले. म्हटलं, "हे बघ, या वर्षी सगळं गाव आपल्या घराकडे बघतंय. या वर्षी या घरात काही वावगं घडता कामा नये." ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "हो आत्या," म्हणाली.

रोलांदो, माझा मुलगा, सप्टेंबरात बोयनोस आयरेसला गेला, शिलाईच्या कारखान्यात. नवरा नसला की बायकांना दुखणी जास्त होतात. मला माहीत आहे, मीही त्यातून गेले आहे.

७ जानेवारी

रूफिना उठली. आज तर माझ्या आधी उठून ओढ्यावर कपडे धुऊन आली, त्या थंडीत. आता मेंढवाडा तीच झाडते. म्हणाली, "आत्या, तुम्हाला गावची कामं असतात. वाड्याचं माझ्याकडे राहू द्या." शहाणी आहे पोर. मी उगाच बोलले त्या दिवशी.

तिची लाल ओढणी दिसत नाही, ती पाठीवर बांधायची, लग्नातली. विचारलं तर म्हणते, ओढ्याला वाहून गेली. माझ्या पोराने दोन महिन्यांच्या पगारातून घेतलेली.

१२ जानेवारी

प्रिमितिवो शहरातून शिक्का करून घेऊन आला. लाकडी मूठ, खाली रबर, आणि रबरावर कोरलेलं: "दिरेक्तिवा, कोल्पापाता". आम्हा सहा जणांना बसवून त्याने तो एका कागदावर दाणकन उमटवून दाखवला.

एवारिस्तो म्हणाला, "आपण अवातिरी आहोत. हे दिरेक्तिवा कोण?"

"आपणच, स्पॅनिशमध्ये कार्यकारी मंडळ. अवातिरी म्हटलं की कचेरीत हसतात. म्हणतात, आले मेंढपाळ. दिरेक्तिवा म्हटलं की बसायला खुर्ची देतात."

"दिली का?"

"दिली."

निएवेस म्हणाली, "खरं सांगा की. पाय मोडका होता तिचा, धरून बसावं लागलं."

सगळे हसले, प्रिमितिवो सोडून. मग तो नीट समजावून सांगायला लागला. राखणारा मेंढरांमागून चालतो, धूळ खातो. दिरेक्तिवा पुढे चालते, हुकूम करते. जमाना बदललाय. रस्ता हवा असेल, वीज हवी असेल, तर पुढे चालणारे हवेत. त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. आणि इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते, मलाही तो शब्द कानाला बरा लागला. देवळाच्या पायरीवर बसून मी तो एकदा हळूच म्हणून पाहिला.

बाबा म्हणायचे, राखणाऱ्याने मागूनच चालायचं, कारण लंगडं मेंढरू मागे असतं. बाबांच्या वर्षात रस्ता आला नाही, हेही खरं.

१९ जानेवारी

घरोघर फिरून झालं. पाळीच्या वर्षात प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन काय हवं, काय नको, विचारायचं असतं. साबिनाकडे सगळ्यात जास्त वेळ बसले. ती एकटीच राहते. लग्नाचं बोलणं झालेला माणूस वीस वर्षांपूर्वी खाणीत गेला तो परत आला नाही. तिच्याकडे एक माग आणि अकरा मेंढरं. माझी शाल चाचपून म्हणाली, "लोकर बरी आहे. वीण फालतू आहे."

"तू विणून दिली असतीस तर?"

"तू मागितलीस का? आता मोठी झालीस तू, लेओकादिया. तुझ्याशी बोलायचं म्हणजे उठून उभं राहायचं का?"

"बस खाली," म्हटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो दोघी. डिसेंबरात ती महिनाभर शहरात होती, कापड विकायला. थोडी वाळल्यासारखी वाटली.

बटाट्याला फूल आलंय. सगळी पूर्वेची उतरण जांभळी दिसते.

२४ जानेवारी

काल गारा पडल्या.

दुपारी पश्चिमेकडून पांढरा ढग आला. आम्ही सगळे टेकडीवर धावलो, ओलं गवत पेटवलं, धूर केला, होते नव्हते तेवढे फटाके उडवले, बायकांनी मिठाच्या मुठी आभाळाकडे फेकल्या. ढगाने ऐकलं नाही. अर्ध्या तासात पूर्वेची उतरण संपली. नुसते दांडे उभे आहेत, फूल नाही, पान नाही. आठ-नऊ घरांचे सगळे बटाटे त्याच उतरणीवर होते. म्हातारा सिप्रियानो बांधावर बसून लहान मुलासारखा रडला, त्याला उठवायला गेले तर मलाच रडू आलं.

संध्याकाळी लोक आमच्या दाराशी येऊन उभे राहिले. कुणी शिवी दिली नाही. नुसते उभे होते. ज्यांच्या वर्षात गारा पडतात त्यांनी कारण शोधायचं असतं, ते कुणी बोलून दाखवावं लागत नाही.

२६ जानेवारी

सिप्रियानो कोकाची पानं टाकून पुढचं-मागचं बघतो. आज त्याने आम्हा सहा जणांसमोर धडपा पसरून पानं टाकली, तीनदा टाकली. म्हणाला, "बिननावाचं काहीतरी गावात आहे. त्याला भूक लागली आहे."

आम्हाला कळलं. पोटातच गेलेलं मूल नाव न देता, मीठपाणी न शिंपडता कुणी गुपचूप पुरलं, तर ते गारांना हाका मारतं. माझ्या आजीच्या वेळेपासून हेच चालत आलंय. मग अवातिरींच्या बायकांनी गावातल्या बायकांना एकेक करून बोलवायचं, विचारायचं, आणि संशय आला तर पोट चाचपून बघायचं. ती बाई सापडली की मुलाला वर काढून, नाव देऊन, डोंगरावर नीट ठेवायचं. बाईला काय करायचं ते ज्या त्या वर्षीचे अवातिरी ठरवतात. बाबांच्या वर्षी तिला नुसतं घरी पाठवलं होतं, बरोबर एक कोंबडी दिली होती. प्रिमितिवो म्हणतो, या वेळी असं चालणार नाही. सामायिक कुरणावरचा तिचा हक्क काढून घ्यायचा. "आठ घरं उपाशी राहणार. दिरेक्तिवाने कोंबड्या वाटायच्या का?"

कुरणाचा हक्क गेला म्हणजे मेंढरं गेली. मेंढरं गेली म्हणजे माणसाने शहराची वाट धरायची. एवारिस्तोने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मला पूर्वेची उतरण दिसत होती.

२८ जानेवारी

आज शाळेच्या खोलीत बायकांना बोलावलं. मी, निएवेस आणि तिसरी, नवी नवरी. चौतीस बायका झाल्या. कुणी लाजल्या, कुणी चिडल्या, एकीने आमच्या तिघींच्याच पोटांची चौकशी केली. मला हे काम आवडलं नाही. हात धुतले तरी ते पुन्हा धुवावेसे वाटत होते.

शेवटी निएवेसने विचारलं, "तुमची रूफिना?" मी म्हटलं, "अवातिरीच्या घरातली आहे ती. तिला काय विचारायचं?" निएवेसही म्हणाली, "हो, ते खरंच. माझ्याही पोरींना मी बोलावलं नाही." तिथेच ते संपलं.

एकटी साबिना आडवी आली. म्हणाली, "हात लावायचा नाही."

मी हात पुढे केलाच. म्हटलं, "साबिना, रीत आहे. एक मिनिटाचं काम."

"रीत आहे तर तुझ्यापासून सुरू कर. शालीखाली पोट नसतं का?"

निएवेस म्हणाली, "काही लपवायचं नसेल तर घाबरतेस कशाला?"

"घाबरत नाही. मला घाण वाटते तुमची." आणि ती निघून गेली.

मला भयंकर राग आला. इतर बायकांसमोर तिने माझी लाज काढली. चौतीस बायका ऐकतात आणि ही एक.

१ फेब्रुवारी

गावात आता साबिनाशिवाय दुसरा विषय नाही. डिसेंबरात शहरात गेली होती. वाळून आली. जडीबुटी विकणारीशी बोलताना कुणी पाहिली. मी म्हटलं, बेचाळीस वर्षांची आहे ती. निएवेस म्हणाली, "बेचाळिसाव्या वर्षीच माझ्या आईला धाकटा झाला." प्रिमितिवोने तिचा कुरणाचा हक्क काढायचा कागद केला आणि खाली शिक्का मारला. आठ तारखेच्या गावसभेत वाचायचा. सभेने माना डोलावल्या की झालं. तोवर तिची मेंढरं कुरणावर नकोत.

माझ्या मनात शंका आहे का? आहे. साबिना खोटं बोलत नाही, ती फक्त बोलत नाही. पण मग तिने नकार का दिला? एक मिनिटाचं तर काम होतं. सगळ्यांचं बघून निर्णय घ्यावा लागतो, एकेकाचं बघत बसलं तर गाव चालत नाही. हे वाक्य प्रिमितिवोचं आहे, पण ते खोडता येत नाही.

३ फेब्रुवारी

आज तिची मेंढरं कुरणातून हाकलली. प्रिमितिवोने चाबूक हवेत फिरवला, कुणाला लागला नाही, पण मेंढरं उधळली. एवारिस्तो बाजूला उभा होता. मी थोडी लांब होते. साबिना ओरडली नाही. कळप गोळा करत राहिली. नऊ जमली. दोन मेंढरं दगडांच्या घळीकडे पळाली ती दिसेनाशी झाली. मला वाटलं, जावं. शालीतले हात बाहेर काढलेच नाहीत.

घरी आले तर रूफिना चुलीपुढे बसून रडत होती. म्हटलं, "तुला काय झालं?" म्हणे, धूर गेला डोळ्यांत. पोर हळवी आहे. हल्ली जेवणही टाकते. अर्धं ताटात ठेवते आणि ते घेऊन मेंढवाड्यात जाते. कुत्र्याला घालत असेल.

५ फेब्रुवारी

रूफिना मला म्हणाली, "आत्या, साबिनाबाईंना खरंच जावं लागेल?"

"सभा ठरवेल."

"सभा तर तुम्ही म्हणाल तेच ठरवेल ना?"

मी म्हटलं, मोठ्यांच्या गोष्टीत पडू नये.

६ फेब्रुवारी

दार लावून लिहिते.

सकाळी जळणाला शेणी संपल्या म्हणून कुदळ घेऊन मेंढवाड्यात गेले. खालचा थर कोपऱ्यात चांगला घट्ट बसलाय, तिथूनच तोडायला घेणार होते. रूफिना पळत आली. "तिथं नको, आत्या."

"का?"

ती त्या कोपऱ्यात जाऊन जमिनीवर बसली. पसरून बसली, उठणार नाही अशी. मला तेव्हा कळलं. विचारायची गरज उरली नव्हती, पण मी विचारलं, "लाल ओढणी?"

तिने मान डोलावली.

दोन जानेवारीच्या पहाटे. चार महिन्यांचं होतं. मी पलीकडच्या खोलीत झोपले होते. ती एकटीच उठून मेंढवाड्यात आली.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तुम्ही म्हणालात, सण उरकू दे."

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही म्हणालात, या वर्षी या घरात काही वावगं घडता कामा नये."

मग मी मूर्खासारखं विचारलं, "इथं का? डोंगरावर का नाही?"

"डोंगरावर एकटं पडलं असतं. इथं मेंढरं असतात. तुम्ही रोज सकाळी येता, संध्याकाळी दार लावता. राखणारी माणसं तुम्ही." तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. तेच मला सोसलं नाही.

रोज पाणी भरायला मी पाठवलं होतं. पेट्या मी चढवायला लावल्या होत्या. तिच्यासमोर कुदळ टाकून मी खाली बसले आणि तिला जवळ घेतलं. ती लाकडासारखी ताठ होती. बऱ्याच वेळाने सैल झाली.

७ फेब्रुवारी

एवारिस्तोला सांगितलं. तो सगळं एकदम बोलला.

"मूल आपण रात्री गुपचूप वर नेऊ. सिप्रियानो नाव देईल, तो बोलणार नाही. झालं काम."

"आणि साबिना?"

"साबिनाचं मी बघतो. वर्षभराने कुरण परत देऊ. प्रिमितिवोला समजावू."

"वर्षभराने मेंढरं राहतील का?"

"मग काय, पोरीला सभेत उभी करणार? रोलांदोच्या बायकोला? तिची चौकशी पन्नास माणसांसमोर? आणि आपलं काय, लेओकादिया? गारा आपल्या घरामुळे आल्या असं गाव म्हणेल. मेलो तरी म्हणेल."

तो चूक बोलत नव्हता. खरं लिहायचं तर दिवसभर मी त्याच्याच बाजूने विचार करत होते. रूफिनाला वाचवायचं असं मनाला सांगत होते, आणि मनात शाल होती, शिक्का होता, देवळाच्या पायरीवर हळूच म्हटलेला तो शब्द होता. रूफिनाने एकदाच विचारलं, "मी बोलू का सभेत?" मी "नाही" म्हटलं. ते इतकं पटकन म्हटलं की मलाच बरं वाटलं नाही.

दुपारी साबिनाच्या घरावरून गेले. ती दारात बसून दोरी वळत होती, सामान बांधायची दोरी. तिने वर बघितलं नाही.

८ फेब्रुवारी

सभा शाळेच्या पटांगणात झाली. साबिना मागे भिंतीशी उभी होती. प्रिमितिवोने कागद वाचला. वाचून झाल्यावर शिक्का वर धरून दाखवला. मग रीतीप्रमाणे म्हणाला, "पहिल्या घराचं म्हणणं?" ते एवारिस्तोने बोलायचं असतं. तो उठला आणि माझ्याकडे बघून नुसता उभा राहिला.

मी उठले. म्हटलं, "साबिनाच्या घरात काही नाही. जे आहे ते आमच्या मेंढवाड्यात आहे."

मग गलका झाला. मागून कुणी ओरडलं, "कोण? सून का? तिला बोलवा." प्रिमितिवो पांढरा पडला होता. म्हणाला, "तुमच्या घरातल्यांना तपासलंच नव्हतं."

"नाही तपासलं. तुमच्याही नाही."

"पोरीला पुढे करा. सभेचा हुकूम आहे."

"ती येणार नाही," मी म्हटलं. "मेंढरू दरीत पडलं तर जाब मेंढराला विचारता का राखणाऱ्याला? तिला त्या दिवशी पाण्याला मी पाठवलं. पेट्या तुमच्यासाठी चढवल्या, त्या तुम्ही प्यालात. ती मला सांगायला आली होती, मी ऐकून घेतलं नाही. काय विचारायचं ते मला विचारा. मी इथे उभी आहे."

विचारलं. खूप विचारलं. पूर्वेच्या उतरणीवरची माणसं जास्त काही बोलली नाहीत, ते सगळ्यात जड गेलं. एवारिस्तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. शेवटपर्यंत तिथून हलला नाही.

शेवटी ठरलं ते असं. साबिनाचा कागद फाडला. आमचा चाबूक आणि शाल देवळात ठेवायची. मान काढून घेतला. पण पाळी अर्धी सोडता येत नाही, वर्ष पुरं करायचं. मानाशिवाय. पहिल्या घराने बोलायच्या वेळी आता प्रिमितिवो बोलेल. सिप्रियानो म्हणाला, असं आधी कधी झालं नव्हतं. मग म्हणाला, आधी असं कुणी बोललंही नव्हतं.

साबिना सगळ्यात आधी निघून गेली. मी तिच्याकडे बघत होते. तिने बघितलं नाही.

९ फेब्रुवारी

पहाटे आम्ही चौघे मेंढवाड्यात गेलो, सिप्रियानो, एवारिस्तो, रूफिना आणि मी. एवारिस्तोने कुदळ लावली नाही, हातांनी माती काढली. ओढणी निघाली. सिप्रियानोने मीठपाणी शिंपडलं आणि विचारलं, नाव काय. मी तोंड उघडणार तेवढ्यात रूफिना म्हणाली, "आल्बिना." तिने नाव केव्हाच ठेवलं होतं. रोज जेवण नेताना त्याच नावाने हाक मारायची. मला कधी ऐकू आलं नाही.

डोंगरावर ठेवून आलो. रूफिना उतरताना माझा हात धरून उतरली.

दुपारनंतर पुन्हा गारा पडल्या. थोड्याच, पण पडल्या. लोक दारात येऊन आभाळाकडे बघत होते आणि मग आमच्या घराकडे. आता याचा अर्थ काय लावायचा मला कळत नाही. सिप्रियानोला विचारलं तर तो म्हणाला, "गारा आहेत, बाई. पडतात." सत्तर वर्षं पानं बघणारा माणूस हे म्हणाला. मग त्या चौतीस बायकांना मी कशासाठी हात लावला?

११ फेब्रुवारी

आज साबिनाकडे गेले. फेऱ्या पुन्हा सुरू करायच्या होत्या आणि दुसरं कुठलंही घर आधी घेणं शक्य नव्हतं. रस्त्यात दोघी भेटल्या, त्यांनी मान फिरवली. प्रिमितिवोने मात्र नमस्कार केला, जरा जास्तच वाकून.

साबिना मागावर होती. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. अंगावर साधी तपकिरी शाल, माझीच जुनी.

ती न थांबता म्हणाली, "काय काम आहे?"

"फेरीवर आलेय. काय हवं, काय नको ते विचारायला."

"कोण म्हणून?"

मला माफी मागायची होती, रात्रभर शब्द जुळवले होते, त्यातला एकही तोंडात आला नाही.

मग तीच म्हणाली, "तू मला हात लावायला आलीस तेव्हा मला वाटलं, लेओकादिया आता थांबेल. आता थांबेल. तुझे हात थांबले नाहीत."

"हो," म्हटलं.

"मी तुला माफ केलेलं नाही."

"हो."

तिने दोरा तोडला, गाठ मारली. "माझी दोन मेंढरं घळीकडे गेली ती आली नाहीत. एक म्हातारी आहे, एक गाभण. ते हवं आहे. बाकी काही नको."

मी तिथूनच घळीकडे गेले. लहानपणी तिथे जायला आम्हाला बंदी होती, दगड सुटे आहेत. दुपारपर्यंत हाका मारल्या. हाक कशी मारायची ते विसरले होते, घसा बसल्यावर आठवलं. म्हातारी सापडली, एका कपारीत अंग चोरून उभी होती, मागचा पाय दुखावलेला. ती चालेना, म्हणून खांद्यावर घेऊन आले. खाली येईपर्यंत पाठ मोडली. साबिनाने दार उघडलं, मेंढी घेतली, तिचा पाय बघितला. "गाभण?" एवढंच विचारलं.

"नाही सापडली अजून."

तिने दार लावून घेतलं. रूफिना म्हणतेय, उद्या तीही येईल, घळीच्या पलीकडच्या बाजूने. मी नको म्हटलं, अजून अंगात ताकद नाही तिच्या. मग तिला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, वरच्या पाण्याजवळ असेल, गाभणीला तहान लागते. उद्या उजाडताच वरच्या पाण्याकडे जाईन.